धुतलेली जीप

नागसेन तायडेचा उजवा हात वाइसच्या जबड्यात गेला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. मेअखेरच्या कडक उन्हाच्या नवतपाचा दुसरा दिवस होता आणि अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या गल्लीत पत्र्याखाली नुसतं उभं राहणंही कठीण झालं होतं. वाइस, म्हणजे लोखंड पकडायचा शिकंजा, गॅरेजच्या लाकडी टेबलाला चार बोल्टांनी बसवलेला होता. नागसेन बावीस वर्षं त्याच वाइसवर काम करत होता. दांडा किती फिरवला की लोखंड नुसतं धरलं जातं आणि किती फिरवला की ते चेपतं, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

आज दांडा ओमप्रकाश ताथोडच्या हातात होता.

"आता सांग," ओमप्रकाश म्हणाला. "पिंटूनं तुले काय कबूल केलं होतं?"

"कोन पिंटू?"

ओमप्रकाशसोबत आलेल्या गोपालनं नागसेनच्या तोंडावर ठोसा मारला. हात अडकलेला असल्यामुळे नागसेन मागे पडू शकला नाही. खांदा पिळवटला, खालचा ओठ फाटला आणि रक्त बनियनवर उतरलं. समोरच्या पंक्चरवाल्यानं ते पाहिलं आणि शटर ओढून घेतलं. पाठोपाठ गल्लीतली आणखी तीन शटरं खाली आली.

गॅरेजचे मालक खुशालराव गावंडे जीपच्या बॉनेटजवळ उभे होते. वय अठ्ठावन्न. गाडीच्या आवाजावरून रोग सांगणारा माणूस अशी त्यांची बुलढाण्यापर्यंत ख्याती होती. ते म्हणाले, "ओमभाऊ, तो गरीब मानूस हाये. सोडा त्याले."

"गरीबच इकला जाते, खुशालभाऊ."

दोघांपैकी कोणी केलं, हे ओमप्रकाशनं विचारलंच नव्हतं. आल्या आल्या त्यानं नागसेनचीच कॉलर धरली होती.

भांडण जीपवरून होतं. तेल्हाऱ्याकडचा ओमप्रकाश पूर्णेच्या पात्रातून वाळू काढायचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं एक जुनी पेट्रोल जीप घेतली आणि खुशालरावांकडून तिच्यात पिकअपचं मोठं डिझेल इंजिन बसवून घेतलं. टायर रुंद केले, टप काढून टाकला. या फेब्रुवारीत बडनेऱ्याच्या एका वर्कशॉपमधून जाड, सरळ पाइपचा सायलेन्सर लावून घेतला. आवाज एका कोसावरून यायचा. तहसीलची गाडी दिसली की ही जीप शेतातून, धुऱ्यावरून कशीही पळायची.

मार्चपासून ती थरथरायला लागली. रोज नाही, सकाळी तर कधीच नाही. दुपारी, लांब चालवल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन एकदम असं हलायचं की सीटखालचा पत्रा वाजायचा. मग अर्ध्या तासानं काहीच नाही. जीप एप्रिलमध्ये दोनदा खुशालरावांकडे येऊन गेली. दोन्ही वेळा काही सापडलं नाही.

आठ मेला दुपारी नदीच्या वाळूघाटाजवळ पिंटूच्या माणसांनी जीप अडवली. पिंटू हा दुसऱ्या काठाचा वाळूवाला. ओमप्रकाशचा धाकटा भाऊ किशोर जीप चालवत होता. त्यानं ती वळवली, तिसरा गिअर टाकला, आणि त्याच क्षणी इंजिन थरथरलं. गिअर निसटला. किशोर दांडी धरून परत परत दाबत राहिला. दांडी धरलेल्या त्याच मनगटावर कुऱ्हाडीचे दोन घाव बसले. अमरावतीच्या डॉक्टरांनी हात वाचवायचा प्रयत्नही केला नाही. वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ओमप्रकाशच्या मते गिअर आपोआप निसटत नसतो. कोणीतरी तो निसटेल असं करून ठेवलं होतं.

आज सकाळी सव्वादहाला तो जीप घेऊन तिसऱ्यांदा आला, या वेळी गोपालसह आणि मागच्या सीटखाली दोन कुऱ्हाडी ठेवून. खुशालरावांनी नेहमीप्रमाणे आधी नागसेनला गाडी धुवायला लावली. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं होतं, 'आधी पाणी, मग पाना'. काळ्या मातीच्या थराखाली तडा दिसत नाही, म्हणून धुतल्याशिवाय ते कोणत्याही गाडीचं बॉनेट उघडायचे नाहीत. धुतल्यावर ओमप्रकाशला शेजारी बसवून त्यांनी वीस मिनिटं जीप चालवली. ती लोण्यासारखी चालली.

परत आल्यावर ओमप्रकाशनं जीपभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "धुता धुता यानं काहीतरी काढून घेतलं." आणि नागसेनला टेबलाकडे ओढलं.

आता त्यानं दांडा पाव फेरा फिरवला. नागसेनच्या घशातून आवाज निघाला.

"ऐका दोघंही. तीन वाजता मले घाटावर निघायचं हाये. पिंटूचे ट्रॅक्टर चार वाजता भरतात. तोवर गाडीत काय दोष हाये तो पाहिजे. आन तो दोष ज्याच्या हातचा निघन, त्याचा हात किशोरसारखा जाईन. माह्यं काही म्हननं नाही. गाडीच सांगन."

"आन नाही सापडला तर?" खुशालरावांनी विचारलं.

"मंग हा तयारच हाये."

खुशालरावांनी काम सुरू केलं. इंजिन चालू ठेवून त्यांनी चारही इंजेक्टरच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल केले. प्रत्येक वेळी इंजिन सारखंच लंगडलं, म्हणजे चारही सिलिंडर ठीक होते. त्यांनी इंजिन बंद करून पंख्याची पाती मोजपट्टीनं तपासली. खाली झोपून प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हातानं हलवले. ढिले नव्हते. क्लचचं झाकण उघडून टॉर्चनं आत पाहिलं. घामानं त्यांच्या हातातून पाना दोनदा सुटला.

टेबलाशी गोपाल नागसेनला पाणी पाजत होता. स्वतः पिऊन उरलेलं त्याच्या तोंडावर ओतत होता, असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल. नागसेनच्या खिशात फोन वाजला. गोपालनं काढून पाहिला.

"मोनाली कोन बे?"

"बायको."

गोपालनं फोन कानाला लावला. "वहिनी, त्याईचा हात गुंतला हाये. जेवाले उशीर होईन," असं म्हणून त्यानं फोन पाण्याच्या टाकीत टाकला आणि स्वतःच हसला. ओमप्रकाश हसला नाही.

खुशालराव शेवटी इंजिनच्या माउंटिंगकडे आले. इंजिन चेसीवर जिथं टेकतं तिथं कंपनीच्या गाडीत रबर असतं. दुसरं इंजिन बसवलं की ते रबर जुळत नाही. त्यावर खुशालरावांचा उपाय त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला होता. जिनिंगच्या रोलरवर सरकीपासून कापूस ओढायला चामड्याच्या जाड चकत्या असतात. झिजलेल्या चकत्या भंगारात मिळतात. त्या पाच-सहा एकावर एक ठेवून मधून बोल्ट आवळला की झालं माउंटिंग. या भागातले कितीतरी ट्रॅक्टर अशा चामड्यावर उभे आहेत. जीपचं इंजिन बसवताना नागसेन म्हणाला होता, "मिस्त्री, हे नांगराले ठीक हाये. ही पळनारी गाडी हाये, नागपूरहून रबर बोलवू." खुशालराव तेव्हा हसले होते. "तुह्या बापानं पाह्यलं होतं काय रबर?" असं सगळ्यांसमोर म्हणाले होते.

त्यांनी उजव्या माउंटिंगखाली टॉमीची लोखंडी दांडी घातली आणि जोर लावला. इंजिन तसूभर हललं नाही. डावीकडेही नाही. त्यांनी माउंटिंग मनातल्या यादीतून वगळलं.

एक वाजला होता. ओमप्रकाश उठून वाइसकडे गेला. दांडा आणखी पाव फेरा फिरला. नागसेनची करंगळी आणि अनामिका जांभळी पडली. नखांच्या कडेनं रक्त आलं.

"थांबा," नागसेन म्हणाला. त्याचं बोलणं फाटक्या ओठामुळे नीट येत नव्हतं. "तिन्ही वेळा आमी गाडी धुतली. तिन्ही वेळा चांगली चालली. तुमच्या घरी कवा धुतात?"

"रोज सकाळी."

"आन थरथरते दुपारी. पान्याचंच काहीतरी हाये. आता धुऊ नका. घड्याळ लावून लांब न्या."

ओमप्रकाशनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग खुशालरावांना म्हणाला, "चला. तुमच्यापरीस याचं डोकं चालून राहिलं."

एक वाजून दहा मिनिटांनी ते अकोटच्या रस्त्याला लागले. ऊन पंचेचाळीसच्या वर होतं आणि रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. खुशालरावांनी ताशी साठ धरले. ओमप्रकाशच्या मांडीवर कुऱ्हाड होती आणि डोळे घड्याळावर. एकतिसाव्या मिनिटाला जीप हादरली. आधी स्टिअरिंग, मग सीट, मग दात. तिसऱ्या गिअरची दांडी खुशालरावांच्या तळव्याखालून उडाली आणि इंजिन मोकळं बोंबलायला लागलं.

"हेच!" ओमप्रकाश ओरडला. "हेच झालं होतं त्या दिवशी!"

त्यांनी निंबाखाली गाडी घेतली. खुशालरावांनी बॉनेट उघडलं. गरम वाफ तोंडावर आली आणि तिच्यात जळक्या चामड्याचा वास होता. त्यांना एवढंच पुरेसं होतं, तरी त्यांनी बोट घालून पाहिलं. उजव्या माउंटिंगच्या चकत्या वाळून, आकसून कडक झाल्या होत्या. बोल्टाच्या डोक्याखाली करंगळी मावेल इतकी फट होती. बडनेऱ्याला बसवलेला नवा पाइप तिथून दोन बोटांवरून गेला होता आणि चामड्याला भाजत होता. चामडं ओलं असलं की फुगायचं आणि इंजिन घट्ट धरायचं. वाळलं की इंजिन मोकळं. मघाशी त्यांनी टॉमी लावली तेव्हा ते ओलं होतं. ते त्यांनीच ओलं करायला लावलं होतं.

पाइप ओमप्रकाशनं हौसेनं लावून घेतलेला होता. चामडं खुशालरावांचं होतं. किशोरचा हात या दोघांमध्ये गेला होता. नागसेनचा त्यात काही संबंध नव्हता.

"सापडलं?" मागून ओमप्रकाशनं विचारलं. त्यानं कुऱ्हाड खांद्यावर घेतली होती.

"गाडी तापली हाये. थंड होऊ द्या."

खुशालरावांनी मागचा पाच लिटरचा कॅन आणला. थोडं पाणी रेडिएटरवर ओतलं, बाकीचं हळूहळू उजव्या चकत्यांवर. दहा-पंधरा मिनिटं ते निंबाच्या बुडाशी बसले. मग त्यांनी गाडी सुरू केली. थरथर नव्हती. गिअर बसला तो निघाला नाही.

"काय होतं मंग?"

"डिझेलच्या नळीत हवा धरत होती. तापली की धरते."

ओमप्रकाशनं समोर पाहत विचारलं, "तुमच्याकडं नळीचं काम कोन करते?"

रस्त्यात एक बैलगाडी होती. खुशालरावांनी ती ओलांडली, गिअर बदलला, परत तिसरा टाकला.

"नागसेन करते," ते म्हणाले.

अडीचला ते परतले. ओमप्रकाशनं उतरल्या उतरल्या गोपालला सांगितलं, "याचाच निघाला." खुशालरावांनी बॉनेट उघडून एक नळी दाखवली आणि ती नवी लावायला घेतली. नागसेन टेबलाशी गुडघे टेकून होता. तिथून त्याला इंजिनची उजवी बाजू दिसत होती. सगळ्या इंजिनवर रस्त्याची धूळ होती. उजवं माउंटिंग तेवढं ओलं आणि स्वच्छ होतं.

"ओमभाऊ, किती वेळानं आली थरथर?" त्यानं विचारलं.

"एकतीस मिनिटं. काहून?"

"नळी नाही ते. चामडं हाये. उजवं माउंटिंग पाहा. मिस्त्रीईले इचारा, चामडं कोनाचं हाये ते."

ओमप्रकाश खुशालरावांकडे वळला. खुशालरावांनी टॉमी उचलली. ती ओमप्रकाशच्या हातात दिली.

"तुमीच लावून पाहा. मघाशी मीनं पाह्यलं होतंच."

ओमप्रकाशनं टॉमी माउंटिंगखाली घातली आणि पूर्ण वजन टाकलं. तो ऐंशी किलोचा तरी असेल. इंजिन हललं नाही. त्यानं पुन्हा जोर लावला. मग टॉमी जमिनीवर फेकली.

"हात वाचवाले मालकाचं नाव घेतो बे?"

"पानी टाकलं त्यानं! ओलं हाये म्हनून..."

पुढचं वाक्य झालं नाही. गोपालनं मागून नागसेनची मान धरून टेबलावर दाबली. ओमप्रकाशनं दोन्ही हातांनी दांडा धरला आणि एक पूर्ण फेरा फिरवला. कापसाची सुकलेली पऱ्हाटी मोडावी तसे लागोपाठ दोन आवाज आले. नागसेन आधी ओरडला, मग ओकला. ओमप्रकाशनं आणखी अर्धा फेरा दिला. तिसरा आवाज बारीक होता. खुशालराव नळीचा नट आवळत होते. तो केव्हाच आवळून झालेला होता.

वाइस उघडला तेव्हा हात आपोआप बाहेर आला नाही. गोपालला तो सोडवावा लागला. तीन बोटं चपटी झाली होती आणि एकाचं हाड बाहेर दिसत होतं.

"कुऱ्हाडीनं नाही घेतला," ओमप्रकाश म्हणाला. "डोकं चालवलं म्हनून. खुशालभाऊ, पुसा हात. गाडी तुमी चालवा."

खुशालराव थांबले. "मी कशाले? तुमचा गोपाल..."

"रस्त्यात काही झालं तर मेक्यानिक पाहिजे. मागच्या खेपेस नव्हता. आन माह्ये हात मोकळे पाहिजेत."

"माह्याकडं गिऱ्हाईक येनार हाये, ओमभाऊ."

"येऊ द्या. थांबते तो."

नागसेन भिंतीला धरून उठला. त्यानं उजवा हात बनियनमध्ये गुंडाळून छातीशी धरला आणि डाव्या हातानं पाण्याचा पाइप ओढला. त्यानं जीप धुवायला सुरुवात केली. आधी चाकं, मग बॉनेट उघडून इंजिन. उजवीकडच्या चकत्यांवर त्यानं पाइप बराच वेळ धरून ठेवला. मग डावीकडे गेला. पाण्यात त्याचं रक्त पडत होतं आणि वाहून जात होतं.

गोपाल हसला. "बोटं गेली तरी ड्युटी सोडून नाही राहिला, पाहा."

"धुतल्याबिगर गाडी आमच्याइथून जात नाही," नागसेन म्हणाला. तो खुशालरावांकडे पाहत होता. "सकाळी वीस मिनिटं चालवली. दुपारी एकतीस. मिस्त्री, घाट किती दूर हाये?"

खुशालराव हात पुसत राहिले. घाट पंचावन्न मिनिटांवर होता, हे गॅरेजमधल्या चौघांनाही माहीत होतं. वीस आणि एकतीसची बेरीज दोघांनाच करता येत होती.

खुशालरावांना तेव्हाही बोलता आलं असतं. त्यांचा हात आणि वाइसचा उघडा जबडा यांच्यात जेमतेम चार पावलं होती. त्यांनी पाण्याचा कॅन भरून मागे ठेवला आणि स्टिअरिंगवर बसले. तीन वाजून पाच मिनिटांनी जीप गल्लीतून बाहेर पडली. ती अगदी छान चालत होती.

पुढचं गोपालनं पोलिसांना सांगितलं. तो त्या दिवशी नांगरलेल्या शेतातून पळाला म्हणून जिवंत राहिला. त्याच्या सांगण्याप्रमाणे खुशालराव सगळ्या वाटेवर हळू चालवत होते आणि ओमप्रकाश त्यांना शिव्या देत होता. दोनदा त्यांनी "गाडी तापली, पानी टाकतो" म्हणून थांबायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा ओमप्रकाशनं कुऱ्हाडीचा दांडा त्यांच्या बरगडीत मारला. पूर्णेच्या अलीकडे, घाटाच्या चढावर, पिंटूचे दोन ट्रॅक्टर समोर दिसले. ओमप्रकाश उभा राहिला आणि "घाल अंगावर" म्हणून ओरडला. खुशालरावांनी तिसरा गिअर टाकला. जीप हादरली. गिअर निसटला. जीप चढावरून मागे घरंगळायला लागली आणि ट्रॅक्टरवरची माणसं लोखंडी सब्बल, फावडी घेऊन उतरून धावत आली.

खुशालरावांनी हँडब्रेक ओढला, कॅन घेतला आणि खाली उडी मारून बॉनेट उघडलं.

"चामडं माह्यंच हाये, ओमभाऊ! पाच मिनिटं द्या!" असं ते ओरडल्याचं गोपालनं स्पष्ट ऐकलं. ओमप्रकाशनं ऐकलं की नाही हे त्याला सांगता आलं नाही. तोवर पहिली सब्बल ओमप्रकाशच्या मानेत शिरली होती. खुशालराव पळाले नाहीत. ते वाकून पाणी ओतत राहिले. त्यांच्या पाठीत फावड्याचे तीन घाव सापडले. पंचनाम्यात कॅन रिकामा असल्याची नोंद आहे.

त्या वेळी नागसेन सरकारी दवाखान्यात एक्स-रेच्या रांगेत बसला होता. मोनाली शेजारी उभी राहून पदरानं वारा घालत होती. समोर भिंतीवर घड्याळ होतं. "काय पाहून राहिले सारखे तिकडं?" तिनं दोनदा विचारलं. चारला चार मिनिटं कमी असताना त्यानं मान खाली घातली. नंतर वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जीप तपासली गेली. तपासणाऱ्यानं ती ठाण्याच्या आवारात दहा मिनिटं चालवली आणि यांत्रिक दोष आढळला नाही असं लिहिलं.

तीन दिवसांनी एक हवालदार जबाब घ्यायला वॉर्डात आला. नागसेनच्या उजव्या हाताला दोन बोटं उरली होती. हात वाइसमध्ये कसा गेला हे त्यानं सगळं सांगितलं, घड्याळाची एकही वेळ न चुकवता. शेवटी हवालदारानं विचारलं, "गाडीत काही दोष होता काय?"

नागसेननं पट्टी बांधलेला हात उशीवर नीट ठेवला.

"आमच्याइथून निघाली तवा नव्हता, साहेब," तो म्हणाला. "मीच धुऊन देल्ली होती."